पुनवेची चिंबोरी

कोजागरीच्या सकाळी दिवाळे गावच्या बाजारात
टोपलीतल्या चिंबोऱ्या तोंडाशी फेस काढतायत,
कुणाशी तरी भांडण अर्धवट राहिल्यासारख्या.
शाल्मली वाकते, एकीला उलटी करते,
पोटावरची झडप गोल की टोकदार, ते बघते.
"नवव्या महिन्यात बाई घ्यायची, दहाव्यात बाप्या."
शेन आयीचा पाढा, मराठीत.
द्वारकाबायचा कोयता थांबतो.
"ही पोर कुठली गो?"

इथली म्हणावं, तर जन्म वाशीचा.
पण दुधाचे दात सुचौत पडले.
वरचे पलंगाखाली टाकायचे, खालचे छपरावर,
आणि चौदाव्या मजल्यावर छप्पर कुठलं,
म्हणून शेन आयीने ते
एसीच्या बाहेरच्या डब्यावर भिरकावले.
अजून तिथेच असतील.

आयी म्हणजे तिकडे मावशी.
शाल्मली हाक मारायची
आणि आम्ही दोघी वळायचो.

तिकडचा शरद आधी नाकाला कळायचा.
गुईहुआची फुलं, तांदळाच्या कणीएवढी, पिवळी,
सायकलींच्या सीटवर, वाळत घातलेल्या चादरींवर.
इथे सीवूड्सच्या रस्त्यावर सातवीण फुललीय,
तिच्या वासाने संध्याकाळी माझं डोकं धरतं.
मी तक्रार करत नाही.
तिकडे त्या वासाचीही करायचे.

आम्ही सात मराठी घरं.
कोजागरी रविवारीच, कारखान्याला पौर्णिमेची सुट्टी नसते.
चंद्र तोवर एका बाजूने झिजलेला,
आम्ही त्याला सांभाळून घ्यायचो.
केशर कुणाच्या तरी सासूने मोज्यात गुंडाळून पाठवलेलं,
तळ्याकाठी कागदी पेल्यांत दूध,
नाचायला जमलेल्या म्हाताऱ्या स्पीकर बंद करून यायच्या,
एक घोट घ्यायच्या, एकमेकींकडे बघायच्या,
आणि पेला दोन्ही हातांनी परत द्यायच्या.
भरलेलाच.

मग शेन आयीकडे खेकडे.
आल्याचा काळा व्हिनेगर, छोटी कात्री,
एका खेकड्याला एक तास.
निरंजन वीस मिनिटांत उरकायचा,
ती त्याच्या ताटलीतली टरफलं उचलून
उरलेलं मांस काढून त्याच्याच पुढे ठेवायची.
काही न बोलता.

"पुन्वेला नको घेव," द्वारकाबाय म्हणते.
"चांदन्यात नुसती फिरतं, खात नाय, पोकल असतंय.
आवसेला ये, भरलेली देते."
"अवसेला लक्ष्मीपूजन, बाय."
ती हसते, दातांत मिश्री.
"चिंबोरी काय पंचांग बघतं व्हय?"

शाल्मली हट्टाने एक घेते. एकच.

रात्री गच्चीवर हाउझी.
पाटणकरांच्या हाती माईक, म्हणजे आता अकरा वाजणार.
दुधावर साय धरते, लहान मुलं पेंगतात.
"चंद्र तर मागच्या महिन्यातच झाला,"
शाल्मली म्हणते, आणि खरंच आहे ते.
तेव्हा बाबाने कॅमेऱ्यासमोर
चंद्राच्या केकचे चार तुकडे केले होते.
तीन परत डब्यात.
त्याचं कंत्राट मार्चपर्यंत.
मागचंही मार्चपर्यंतच होतं.

खाली घरात, दिवा न लावता,
ती चिंबोरी उकडते. मी आलं किसून देते.
व्हिनेगर नाही, लिंबू चालतं.
माझी भरतकामाची कात्री, एक तास.
आत खारट पाणी, आणि दोऱ्याएवढं मांस,
त्यातलं अर्धं ती माझ्या ताटलीत ठेवते.

मग टरफलं धुते, पुसते,
एकेक नांगी, एकेक पाय जागेवर लावते,
पाठीवर कवच बसवते.
शेन आयीने शिकवलेली शेवटची गोष्ट:
नीट खाल्लेला खेकडा
न खाल्लेल्यासारखा दिसला पाहिजे.
ताटलीत अख्खी चिंबोरी, आता उठेल अशी.

फोटो जातो.
तिकडे दीड वाजलेला, तरी लगेच दोन निळ्या खुणा.
"वा! भरलेली होती का?"

शाल्मली बोट चाटते.
माझ्याकडे बघत नाही.
"हो," लिहिते.